अभ्यासाला खुंटी हवी

दुपारची जेवणं उरकली असतील, भांडी घासून पालथी घातली असतील. आता जरा भिंतीला पाठ टेका आणि ऐका. हातात तांदूळ निवडायला घेतलेत तरी चालेल. मीसुद्धा रेडिओ ऐकताना कधी रिकाम्या हाताने बसत नाही.

बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, वही मिटली की खऱ्या गप्पा सुरू होतात. शहापूर तालुक्यातल्या गावात जा की मुरबाडच्या, मुलांच्या शाळेचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं वाक्य मोठ्याने येतं: "बाई, पोरगा तासतासभर पुस्तक धरून बसतो, पण डोक्यात काही शिरत नाही." दुसरं जरा खालच्या आवाजात येतं: "मी पडले अडाणी. मी काय त्याचा अभ्यास घेणार?"

या दुसऱ्या वाक्यावर आज मला बोलायचंय. ते खरं नाही, असं माझं म्हणणं आहे. मुलाच्या अभ्यासातला अर्धा भाग असा आहे की त्याला अक्षरओळख लागतच नाही. तो भाग कुठला, हे सांगायला मी तुम्हाला आपल्याच मुरबाड तालुक्यातल्या एका गावात घेऊन जाते.

फांगणे गाव तुमच्यापैकी कित्येकींना माहीत असेल. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाला, आजीबाईंची शाळा सुरू झाली. त्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाटी, दप्तर, साड्या अशी मदत केली. वर्गात बसणाऱ्या सगळ्या साठीच्या पुढच्या. काही तर नव्वदीला टेकलेल्या. गुलाबी साडी हा गणवेश, पाठीवर दप्तर, हातात पाटी. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि तिची सासू तिच्याच वर्गात विद्यार्थिनी. आता बघा, घरात सासूने सुनेला चार गोष्टी सांगायच्या आणि दुपारी सुनेने सासूचा हात धरून 'ग' गिरवून घ्यायचा!

या शाळेवर वर्तमानपत्रांत खूप छापून आलं. परदेशातले लोकसुद्धा बघायला आले. फोटो छानच होते. पण मी शिकवण्याच्या कामात आयुष्य घालवलं, त्यामुळे मला फोटोपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल. ज्या बाईच्या हातात सत्तर वर्षं विळा, हंडा नि लाटणं होतं, नजर मंद झाली, कान जड झाले, आज शिकवलेलं उद्या आठवत नाही, ती बाई सही करायला शिकली कशी? आणि आपला दहा वर्षांचा, चलाख, सगळी गाणी तोंडपाठ असणारा पोरगा चौदाचा पाढा का शिकत नाही?

मला त्याची दोन कारणं दिसतात. पहिलं असं की आज्यांना काय हवंय ते नेमकं ठाऊक होतं. बँकेत अंगठा उठवावा लागतो त्याची लाज वाटत होती, तिथे सही करायची होती. पारायणात दुसरी कुणी वाचते आणि आपण नुसतं ऐकतो, ती पोथी आपल्या डोळ्यांनी वाचायची होती. बस, एवढंच. 'शिकून मोठं व्हायचं' असं त्यांच्या मनात काही नव्हतं. व्हायचं तेवढ्या मोठ्या त्या झालेल्याच होत्या.

दुसरं कारण वेळेचं. शाळा भरायची दुपारी दोन ते चार. ही वेळ का? कारण सकाळची कामं झालेली असतात, जेवण झालेलं असतं आणि संध्याकाळच्या चुलीला अजून अवकाश असतो. म्हणजे बाईच्या दिवसात जी फट होती, तिच्यातच शाळा बसवली. गुलाबी साडी नेसली की आता शाळेत जायचं, हे पायांना कळायचं. एखादी आली नाही तर शेजारीण हाक मारायची, "काय गं, आज दांडी?" घरी गृहपाठ असायचा आणि तो करून घ्यायला नातवंडं बसायची.

नेमकं ध्येय, आणि रोजच्या दिवसात ठोकलेली खुंटी. सदरा टांगायला भिंतीत खुंटी हवी, नाहीतर तो जमिनीवर लोळतो. अभ्यासाचंही तसंच. आता या दोन्ही गोष्टी आपल्या मुलांच्या बाबतीत कशा असतात ते बघू.

आपण मुलाला विचारतो, मोठेपणी कोण होणार? तो सांगतो पोलीस, डॉक्टर, कलेक्टर. आपण खूश. हे स्वप्न वाईट नाही, पण ते भातसा धरणासारखं आहे. डोळे भरून दिसतं, मात्र घरातला माठ त्याने भरत नाही. माठ भरायला हंडा लागतो. या आठवड्यात काय करायचं ते ठरवणं म्हणजे हंडा. 'गणितात हुशार व्हायचं' हे धरण. 'शनिवारपर्यंत बारा आणि तेराचा पाढा न अडता म्हणायचा' हा हंडा. तो भरला की नाही हे शनिवारी आईला कळतं, मुलालाही कळतं. आणि भरला की पोराचा चेहरा बघा. पुढच्या हंड्याला तो स्वतः जातो.

हंडा मुलाच्या डोक्याला पेलेल एवढाच असू द्या. इथेच मोठी चूक होते. मुलगा सातवीत आहे म्हणून आपण सातवीचं पुस्तक पुढे ठेवतो. पण कित्येक मुलांना सातवीत येऊनही सलग वाचता येत नाही. त्याला सातवीचा इतिहास समोर ठेवून दटावलंत तर तो दोन तास बसेल, पानं उलटेल, आणि डोक्यात काही शिरणार नाही. तुमचं पहिलं वाक्य आठवलं ना? म्हणून आधी पायरी शोधा. शेजारच्या लहान मुलाचं दुसरी-तिसरीचं मराठीचं पुस्तक मागून आणा आणि त्यातलं एक पान त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी तो कुठे अडखळतो ते कानाला कळतं. गाणं बेसूर झालेलं कळायला गायिका असावं लागत नाही. अडखळला तर ओरडू नका, शेजाऱ्यांसमोर बोलू नका. रोज एक पान, त्याच पुस्तकातलं. दोन-तीन महिने गेले तरी जाऊ द्या. आणि हे वर्गशिक्षकांनाही जाऊन सांगा. शिक्षकाला ते आधीच माहीत असतं, पण आई विचारायला आली की त्या मुलाकडे त्यांचं अंमळ जास्त लक्ष जातं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

आता ज्यांची मुलं बरं वाचतात, त्यांच्यासाठी एक मोठा पण हाताला लागेल असा हंडा सांगते. आठवीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शाळेत तिला 'एनएमएमएस' म्हणतात. पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं, आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के पुरतात. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात, मात्र पुढे चांगले गुण टिकवावे लागतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. अर्ज शाळेतूनच भरतात. वसतिगृहात राहून सरकारी जेवणाखाणाची सवलत घेणाऱ्या मुलांना ही योजना नाही, तेव्हा आश्रमशाळेतल्या मुलांच्या आयांनी आधी मुख्याध्यापकांना विचारून घ्यावं.

या परीक्षेत दोन पेपर. एक बुद्धिमत्तेचा, एक शाळेतल्या विषयांचा. प्रत्येकात ९० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे मिनिटाला एक प्रश्न. आता 'एनएमएमएस पास व्हायचं' असं भिंतीवर लिहून ठेवलं तर ते पुन्हा धरणच झालं. रोज दहा प्रश्न, घड्याळ लावून दहा मिनिटांत, आणि चुकलेले एका वेगळ्या वहीत लिहायचे. असं ठरलं तर तो हंडा. सहा महिने केलं तर दीड हजारावर प्रश्न हाताखालून जातात. जुन्या प्रश्नपत्रिका शाळेत मागा, बहुतेक शिक्षक देतात. समजा नंबर लागला नाही, तरी दीड हजार प्रश्न सोडवलेली मुलगी नववीत गेल्यावर गणिताला बिचकत नाही.

आता खुंटीकडे येते.

सवय कशी लागते, यावर लंडनमधल्या एका विद्यापीठात ९६ जणांवर अभ्यास झाला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडायची आणि ती रोज एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून करायची. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं, न्याहारीनंतर थोडं चालायचं, असं काहीतरी. ती गोष्ट आपोआप व्हायला किती दिवस लागतात ते त्यांनी मोजलं. साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवसच पुरले, तर कुणाला आठ महिन्यांवर लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय लागते' असं जे मोबाईलवर फिरतं, ते धरून बसू नका. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटली. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. पुढच्या दिवशी पुन्हा सुरू केलं की गाडी रुळावर आली. आपल्याकडे काय होतं? सोमवारी पाहुणे आले, मंगळवारी हळद, बुधवारी "आता काय, आठवडा गेलाच." तिथेच सगळं सांडतं.

तर मुलाला 'संध्याकाळी अभ्यास कर' असं सांगू नका. संध्याकाळ फार लांबरुंद असते. जे काम तुमच्या घरात रोज न चुकता होतं, त्याला अभ्यास बांधा. देवाजवळ दिवा लावला की पुस्तक उघडायचं. गाय बांधून झाली की पाटी घ्यायची. आईने भाकरीला पीठ मळायला घेतलं की मुलाने चुलीपासून चार हातांवर बसायचं, आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत उठायचं नाही. ही शेवटची खुंटी मला सगळ्यात आवडते. घड्याळ लागत नाही, आईला वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि भाकरी तर रोज होतेच.

जागाही एकच ठेवा. वेगळी खोली, टेबल-खुर्ची कुठून आणणार? एका गोणपाटाचं आसन करा, त्या आसनावर बसलं की फक्त अभ्यास. तिथे जेवायचं नाही, लोळायचं नाही. फांगण्याच्या आज्यांची गुलाबी साडी आणि तुमच्या पोराचं गोणपाट, दोन्हींचं काम एकच.

बसल्यावर करायचं काय, हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. आपली मुलं अभ्यास म्हणजे वाचन समजतात. एकच धडा चारदा वाचतात, ओळीखाली पेन्सिलीने रेघा मारतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आलं असं वाटतं. २००६ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हापुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा उलटं झालं. पुस्तक मिटून आठवणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं होतं. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

ताईंनो, आता इथे तुमचं काम येतं. भाकऱ्या थापता थापता म्हणा, "मीट पुस्तक. काय वाचलंस ते सांग मला." तुम्हाला त्यातलं येत नाही हेच तुमचं बळ. शिक्षकाला सांगताना मूल अर्धं गाळतं, कारण शिक्षकाला ते येतंच. आईला सांगताना त्याला पहिल्यापासून सांगावं लागतं. "पाण्याची वाफ होते म्हणजे काय होतं रे? मग ढग खाली का पडत नाही?" असं खरोखर मनापासून विचारा. तो अडला तर रागावू नका. "बघ बघ, पुस्तकात बघ" म्हणा. अडून बघितलेलं उत्तर पुन्हा विसरत नाही. आमच्याकडची एक मावशी असं करते. ती शाळेची पायरी चढलेली नाही, आणि तिच्या नातीला रोज रात्री आजीला विज्ञान शिकवावं लागतं. परवा मावशी मला म्हणाली, "बाई, आता मलाच परीक्षेला बसवा."

आज पाठ केलेलं उद्या निम्मं उडतं, हे जर्मनीतल्या एबिंगहाउस नावाच्या माणसाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. विसरणं हा मुलाचा आळस नाही, मेंदूची रीतच तशी आहे. त्याला उपाय उजळणीचा. आजचं उद्या पाच मिनिटं विचारायचं, मग रविवारी, मग महिन्याने. जुन्या शाळेत रोज पाढे म्हणून घ्यायचे ते काही उगाच नव्हतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास मात्र पाहुण्यांसाठी उसनी आणलेली साखर असते, सकाळी संपते. झोप मोडू नका. दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं.

मोबाईलबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यावर सगळेच बोलतात. अभ्यासाच्या वेळी मोबाईल मुलाच्या उशाशी नको, आणि आईच्या हातातही नको. तुम्ही मालिका बघताय आणि तो भूगोल वाचतोय, असं होत नाही.

आता जे बोलणार आहे ते मला बोलायला जरा जड जातं. मला मुलगा आणि मुलगी. मुलगा दहावीला होता तेव्हा त्याला मी उठवायचे, चहा द्यायचे, "तू बस, तुला कुणी हाक मारणार नाही" म्हणायचे. दोन वर्षांनी मुलगी दहावीला आली. मार्च महिना, विहीर आटलेली. ती पहाटे उठायची, पण हंडा घेऊन जायची. पुस्तक घेऊन बसली की मीच हाक मारायचे, "जरा भाजी चिरून दे." हाक मारताना मला काही चुकतंय असं वाटलंही नाही. तिला गुण कमी पडले तेव्हा मी म्हणाले, "भावासारखी बसली असतीस तर!" ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली फक्त. त्या बघण्याने मला कळलं.

आपल्या भागाची ही गंमत म्हणावी की दुखणं? भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर. तिथलं पाणी मुंबईच्या नळाला जातं. आणि उन्हाळा लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये, पाण्याची वणवण तेव्हापासूनच. रांगेत कोण उभं असतं ते तुम्हाला सांगायला नको. मुलीला ध्येय सांगून, सवयीचे फायदे सांगून काय उपयोग, जर तिचा तास आपणच दुसऱ्या कामाला देत असू? म्हणून घरात एक वाटणी करा. मुलीचा अभ्यासाचा एक तास सगळ्यांनी मिळून ठरवायचा, आणि त्या तासात तिला कुणीही हाक मारायची नाही. आईने नाही, भावाने नाही, बापाने पाण्याचा तांब्या मागायला सुद्धा नाही. त्या तासाची कामं मुलग्याने करायची. हंडा मुलग्याच्याही डोक्यावर बसतो, मी करून बघितलंय. उशिरा का होईना.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, बाई, तुमच्या खुंट्या बारमाही घरात ठीक आहेत. आमचं घरच दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं. बरोबर आहे. आणि जे जात नाहीत त्यांच्याही घरात जून-जुलैत आवणी असते, दिवाळीच्या आगेमागे झोडणी असते. चिखलातून संध्याकाळी घरी आलेल्या पोराला दिव्याखाली बसवणं म्हणजे छळ. तेव्हा आवणीचे पंधरा-वीस दिवस हंडा छोटा करा. फक्त पाढे, तेही बांधावर बसून, तोंडी. सवय लहान झाली तरी चालते, तुटली की पुन्हा लावायला त्रास होतो.

पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखायला जातात, असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणायचे. लहान मुलांसाठी पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरवली, तीच अंगणवाडी. दिवस जसा आहे तशी खुंटी ठोकायची, हे त्या दोघींनी आपल्या कुणाच्याही आधी ओळखलं होतं.

तर भट्टीवर जाणाऱ्या बहिणींनो, जाण्याआधी शाळेत जा आणि शिक्षण हमी कार्ड मागा. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यावर असते. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. कार्ड नसलं, दाखला नसला तरी शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला कागदासाठी शाळा परत पाठवू शकत नाही. काही गावांत मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते, त्याचीही चौकशी जाण्याआधीच करा. आजी-आजोबा मागे राहणार असतील तर मूल त्यांच्याजवळ ठेवण्याचा विचार करा. आणि ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर ते अभ्यासाचं गोणपाट टाका. मी हसायला सांगत नाहीये. भट्टीवरच्या झोपडीत सगळंच नवं असतं, तिथे ते एक जुनं आसन मुलाला ओळखीचं वाटतं.

अजून एक सांगायला हवं. शाळेत दोन वर्गांना मिळून एक शिक्षक असेल, पोरगं उपाशी पोटी झोपत असेल, वीज दिवसभर नसेल, तर नुसत्या सवयीने सगळं भरून निघेल असं म्हणणारी मी नाही. तसं म्हणणं म्हणजे सगळा भार पुन्हा पोराच्या आणि आईच्या डोक्यावर. शिक्षक मागायला शाळा व्यवस्थापन समितीत बसावंच लागतं. त्या समितीत पालकांची संख्या जास्त असते आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, हे कायद्यातच आहे. पण शिक्षकाची मागणी मंजूर होईतो सहा महिने जातील. त्या सहा महिन्यांत भाकऱ्या तर होणारच आहेत.

गटाला काय करता येईल? एका गावातल्या गटाने केलेलं सांगते, फार सोपं आहे. दर महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले की प्रत्येकीने एकच वाक्य सांगायचं: माझ्या मुलाचा या महिन्याचा हंडा कुठला होता आणि भरला का. नुसतं 'अभ्यास बरा चाललाय' असं म्हटलेलं चालत नाही. भरला नसेल तर बाकीच्या विचारतात, मोठा होता का? वेळ चुकीची होती का? सुरुवातीला बायका लाजल्या. एकीला तर आपला मुलगा कितवीत आहे हेच नक्की सांगता येईना. तिसऱ्या महिन्यात त्याच बाईने सांगितलं की पोरगा आता वर्तमानपत्रातलं ठळक वाचून दाखवतो, आणि हे सांगताना तिने नावापुढे अंगठा न उठवता सही केली. सही तिला कुणी शिकवली ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्या गटाने पुढे समाजमंदिरात संध्याकाळी सात ते आठ एक दिवा लावून द्यायला सुरुवात केली. आळीपाळीने दोघी जणी नुसत्या बसून राहतात, शिकवत नाहीत. हातात शिवण, नाहीतर भाजी निवडायची. मुलं आपापली पुस्तकं घेऊन येतात. ज्यांच्या घरात दारूचा दंगा असतो ती मुलं सगळ्यांच्या आधी येऊन बसतात आणि सगळ्यांच्या शेवटी उठतात.

मागच्या आठवड्यात एका ताईने विचारलं, "बाई, माझी दहावीला आहे, तीन महिनेच राहिलेत, आता सवय लावून काय होणार?" मी तिला तिच्या मुलीची वेळ विचारली. पहाटे की रात्री? म्हणाली, पहाटे बरं जमतं, पण पहाटे पाणी भरायचं असतं. मुलगा आठवीत आहे, त्याला पाठवते का, असं मी विचारलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उद्यापासून पाठवते."